पाय किनाऱ्यावर कुणाकडे ठेवायचा?

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

"मी ३४ वर्षांची, पुण्यात कोथरूडला राहते, बँकेत नोकरी करते. पाच वर्षांपूर्वी दुचाकीच्या अपघातात माझा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पहिला जयपूर फूट आता माळ्यावर पडलाय. सध्याचा कार्बन फायबरचा, महागाचा आहे, पाण्याला चालत नाही. लहानपणी टिळक टँकवर पोहायला शिकले, शाळेतून जिल्हा पातळीपर्यंत गेले होते. दोन वर्षांपासून पुन्हा पोहते. २५ मीटरच्या तलावात न थांबता दोन किलोमीटर, साधारण ५५ मिनिटांत. आमच्या सकाळच्या बॅचचा सहा जणांचा ग्रुप डिसेंबरात मालवणला, चिवल्याच्या किनाऱ्यावरच्या सागरी जलतरण स्पर्धेला जाणार आहे. मलाही जायचंय. आई म्हणते, देवाने एकदा वाचवलं, आता त्याची परीक्षा बघू नकोस. नवरा विरोध करत नाही, पण विषय निघाला की गप्प होतो. ग्रुपमधला एक जण माझ्यावर 'प्रेरणादायी' व्हिडिओ करणार म्हणतो. तिथे दिव्यांगांसाठी वेगळा गट असतो म्हणे. त्यात नाव दिलं तर हार मानल्यासारखं वाटेल. सर्वसाधारण गटात दिलं तर शेवटची येईन. मला हे कुणाचीही मदत न घेता पूर्ण करायचंय, नाहीतर त्यात अर्थ नाही. आणि खरं सांगू? समुद्राची भीती नाही वाटत. पाय काढून, सगळ्यांसमोर, वाळूतून पाण्यापर्यंत कशी जाऊ, या विचाराने झोप उडते. ताई, जाऊ की नको? (मला अहो-जाहो करू नका.)"

बरं, अगं-तुगंच करते.

तुझ्या पत्रात आई आहे, नवरा आहे, गट आहेत, व्हिडिओ आहे, आणि अगदी शेवटी वाळू आहे. इतकी वर्षं पत्रं वाचून मला एक सवय लागलीय. 'खरं सांगू?' च्या पुढचं वाक्य मी आधी वाचते. त्यामुळे वाळूपासूनच सुरू करू, बाकीची मंडळी मागून येतील.

वाळूत नेमकं काय होईल असं तुला वाटतं? पडशील? लोक बघतील? की कुणीतरी न विचारता बखोटीला धरून उचलेल? या तीन वेगळ्या भीती आहेत आणि तिघींचे उपाय वेगळे आहेत. पत्रात तू त्यांचं एकच गाठोडं बांधलंयस.

पडण्याचा उपाय सगळ्यात सोपा, आणि तो तुझ्या माळ्यावर पडून आहे. जयपूर फूट हा मुळात आपल्याकडच्या माणसांसाठी घडवलेला पाय. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो केला, तेव्हा डोळ्यांसमोर मांडी घालणारा, उकिडवा बसणारा, अनवाणी चिखलात उतरणारा शेतकरी होता. पाणी-वाळूचं त्याला वावडं नाही. कार्बनच्या पायाचं तसं नसतं. त्याच्या सांध्यांत वाळू गेली आणि स्क्रूंना खारं पाणी लागलं की दुरुस्तीचा आकडा ऐकून तुला खरोखरच घेरी येईल. म्हणून महागाचा पाय गाडीत ठेव आणि जुना घालून पाण्यापर्यंत चालत जा. मात्र तो आधी घालून बघ. पाय काढल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत स्टंप (पायाचा उरलेला भाग) बारीक होत जातो, त्यामुळे पाच वर्षांपूर्वीचं सॉकेट, म्हणजे स्टंप ज्यात बसतो ती खोबण, तुला आता ढिलं होणार. दोन-चार मोजे जास्तीचे चढवून भागतं का, की सॉकेट नवं करावं लागेल, हे पाय बसवणाऱ्या तंत्रज्ञाला दाखव. पुण्यात १९४४ पासून लष्कराचं आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे, म्हणजे आपल्या शहराला या विषयाची ओळख जुनी आहे. जाणकार माणूस शोधायला तुला गाव सोडावं लागणार नाही.

आता एक गोष्ट, जी पुण्यात राहून सुचत नाही. पाण्यापर्यंत किती चालायचं, हे किनारा ठरवत नाही, भरती ठरवते. ओहोटीला समुद्र आत जातो आणि तुझी वीस पावलं शंभर होतात. कोकणातली माणसं तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. अष्टमी असेल तर आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला ती दुपारी बाराच्या आतबाहेर जाते आणि पहाटे-सकाळी समुद्र पार आत गेलेला असतो. शिवाय अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तर अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी. हा झाला अदमास, पक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते. पण स्पर्धेची तारीख जाहीर झाली की आधी भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघ, सुट्टीचा अर्ज नंतर. आणि ओली वाळू घट्ट असते, कोरडी पाय खाते. म्हणजे धडपड फक्त वरच्या कोरड्या पट्ट्यात. (कोथरूडच्या फुटपाथवरून पाच वर्षं कृत्रिम पायाने चालणाऱ्या बाईला चालण्याबद्दल मी काय शिकवणार, हेही मला कळतं.)

लोक बघण्याचं मात्र मी गोड बोलून उडवून लावणार नाही. लोक बघणारच. तलावावर पहिल्या दिवशी तू काठावर बसून पाय काढलास तेव्हाही बघितलं असेल. आज तिथे कुणी मान तरी वळवतं का? लोकांची नजर आपल्या आधी सरावते, असा माझा अनुभव आहे. अडचण एवढीच, की मालवणात तुझ्याकडे एकच सकाळ असेल आणि सगळी माणसं नवी. म्हणून एक दिवस आधी जा. स्पर्धेच्याच वेळेला, त्याच जागी, पाय काढ, पाण्यात शिर, बाहेर ये. दोनदा कर. दुसऱ्या दिवशी तुला बघणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ते आदल्या दिवशी पाहिलेलं असेल. उरलेले आपला चष्मा घट्ट करण्यात आणि टोपीत केस कोंबण्यात गुंतलेले असतील. स्पर्धेच्या आधीच्या पाच मिनिटांत माणूस स्वतःखेरीज कुणाचाच विचार करत नाही.

आता तुझं ते वाक्य: 'कुणाचीही मदत न घेता, नाहीतर त्यात अर्थ नाही.' इथे मी तुझ्याशी भांडणार आहे.

मी पोहायला शिकले आजोळी, विहिरीत. मामाने पाठीला पत्र्याचा डबा बांधला आणि दिलं ढकलून. पंधरा दिवसांनी डबा सुटला, तेव्हा 'पोरगी आपली आपण पोहायला लागली' असं घरभर झालं. पण मामा तेव्हाही धोतर खोचून पायरीवर उभा होताच की. त्याचं उभं असणं कुणी मोजलं नाही, इतकंच.

मोठ्या पाण्यात हे जास्तच खरं आहे. इंग्लिश खाडी पोहायची तर सोबत बोट लागते, बोटीवर निरीक्षक लागतो. काठीला बांधून किंवा दोरीने सोडून दिलेलं खाणं-पिणं घेतच तास काढायचे असतात. बोटीला हात लावायचा नाही, हा नियम. बोट नको म्हणणं मात्र नियमात बसत नाही. आपल्या पुण्याच्या रोहन मोरे यांनी जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या पोहून २०१८ मध्ये 'ओशन्स सेव्हन' पूर्ण केलं, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या बाजूला बोट होती. त्यावरून कुणी त्यांना 'मदत घेतली' म्हणत नाही. मग पाण्याच्या कडेला तुझा पाय धरून ठेवणारा हात तेवढा मदतीत कसा मोडतो? पॅरा-जलतरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांचंही तेच आहे. पोहताना कृत्रिम पाय चालत नाही, पण सुरुवातीला आणि बाहेर येताना सोबतीचा माणूस चालतो. पोहायचं तू. तो भाग कुणी तुझ्याकडून घेऊ शकत नाही, मनात आणलं तरी.

मला वाटतं, या पाच वर्षांत तू नको तेवढी मदत पाहिलीयस. न मागता पुढे आलेले हात, तुझ्याऐवजी तुझ्या नवऱ्याला विचारलेले प्रश्न. त्याचा वीट येतो, येणारच. पण उपाय मदत नाकारण्यात नाही, मदत आपण नेमण्यात आहे. कोण, कुठे उभं राहील, कोणत्या बाजूला, हात कोपराला धरेल की खांद्याला, हे तू आधी सांगायचं. बखोटीला धरून उचलण्याच्या भीतीवरही हाच तोडगा. नेमलेला माणूस शेजारी असला की हौशी मदतनीस आपोआप मागे राहतात.

गटाचं बघू. नाताली दु त्वा हे नाव ऐकलंयस? दक्षिण आफ्रिकेची जलतरणपटू. २००१ मध्ये, १७ वर्षांची असताना, सरावाहून स्कूटरने जाताना अपघात झाला आणि डावा पाय गुडघ्यापासून गेला. दुचाकीच, आणि डावाच. २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकमध्ये ती १० किलोमीटरच्या खुल्या पाण्यातल्या शर्यतीत दोन पायांच्या बायकांबरोबर पोहली आणि सोळावी आली. पुढच्याच महिन्यात त्याच शहरात पॅरालिंपिकमध्ये उतरली आणि पाच सुवर्णपदकं घेऊन गेली. एकच बाई, एकच वर्ष, दोन्ही गट. एका गटात तिने हार मानली आणि दुसऱ्यात स्वतःला सिद्ध केलं, असं म्हणता येईल का? ज्या शर्यतीत जे मिळवायचं होतं, त्यासाठी ती उतरली. आणखी एक गोष्ट मला तिच्याबद्दल फार आवडते. ऑलिंपिकमध्ये सोळावी आली म्हणून जगाने टाळ्या वाजवल्या, तेव्हा ती स्वतः त्या नंबरावर खूश नव्हती. आपल्या वेळेवर चिडण्याचा हक्क खेळाडूला असतो. तो तूही राखून ठेव, लोक कितीही भारावले तरी.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर मसुदूर रहमान वैद्य. बंगालचे. लहानपणी रेल्वे अपघातात दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले. १९९७ मध्ये ते इंग्लिश खाडी पोहून गेले, २००१ मध्ये जिब्राल्टरची सामुद्रधुनी. आणि पुण्यात बसून मुरलीकांत पेटकरांचं नाव घ्यायचं नाही, हे बरं नव्हे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर निकामी झालं, उपचार म्हणून पाण्यात उतरले, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. म्हणून टाळ्यांच्या वेळापत्रकावर कुणी फार विसंबू नये.

तेव्हा गट निवडताना 'याचा अर्थ काय होईल' हा प्रश्न सोडून दे आणि संयोजकांना फोन करून साधे प्रश्न विचार. यंदा दिव्यांग गटात अंतरं कोणती आहेत? यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) लागतं का? तो गट आधी सोडतात की सगळ्यांबरोबर? वेळमर्यादा किती? शेवटची वेळ पाण्यात थांबते की वाळूवरच्या कमानीखाली? हा शेवटचा प्रश्न विसरू नकोस. कमान वाळूत वर असली, तर दोन पायांचे लोक पाण्यातून उठून तिथपर्यंत पळत जातात आणि तुझी पोहण्यात कमावलेली दोन मिनिटं तिथे जातात. तुझी वेळ पाण्याच्या कडेला धरता येईल का, हे आधी विचारलं तर ती विनंती ठरते. नंतर विचारलं की तक्रार.

मला विचारशील तर पहिल्या वर्षी जो गट तुला कमी गर्दीत पाण्यात सोडेल, तो घे. कारण सांगते. एकत्र सुरुवातीला पहिले दोनशे मीटर म्हणजे तुळशीबागेतली दिवाळी असते. कोपरं, टाचा, लाथा. डोक्याला लाथ बसली तर चार शिव्या देऊन पुढे जाता येतं. स्टंपच्या टोकाला बसली, तर कळ कुठे जाते हे मी तुला सांगायला नको. सर्वसाधारण गटातच जायचं असेल, तर कडेला उभी राहा आणि शिट्टी झाल्यावर मनात वीस आकडे मोजून निघ. वीस सेकंदांनी तुझं काही अडत नाही.

पोहण्याबद्दल. तलावातले दोन किलोमीटर आणि समुद्रातले दोन किलोमीटर यांत एक लबाडी दडलेली आहे. २५ मीटरच्या तलावात दोन किलोमीटर म्हणजे ८० फेऱ्या आणि मध्ये ७९ वेळा भिंत. प्रत्येक वेळी उजव्या पायाने भिंतीला रेटा देतेस, क्षणभर विसावतेस, दोन-तीन मीटर फुकटात जातात. समुद्रात भिंत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा भिंतीला न शिवता, अलीकडूनच वळून पोह. पहिल्या दिवशी एक किलोमीटरलाच खांदे बोलायला लागतील. घाबरू नकोस, तेच तुझं खरं मोजमाप. असे अडीच-तीन किलोमीटर न थांबता झाले, की दोनसाठी तयार समज.

दुसरं, दिशा. उजवाच पाय पाणी मारतो, त्यामुळे कंबर एका बाजूला कलंडते आणि शरीर हळूहळू वाकडं जातं. तलावात तळाची काळी पट्टी तुला नकळत सरळ करत असते. मोकळ्या लेनमध्ये, कुणी लक्ष ठेवायला असताना, डोळे मिटून दहा-बारा हात मार आणि उघडून बघ, कोणत्या दोरीला चिकटलीस. ती तुझी ओढ. ती कळली की पाय कमी मार. लांब अंतराच्या फ्रीस्टाइलमध्ये वेग हातांतूनच येतो, पायाचं मुख्य काम तोल. उजवा पाय जरासा मधल्या रेषेकडे, आतल्या बाजूला मारून बघ, कंबर स्थिर होते का ते. दोन्ही बाजूंना श्वास घ्यायची सवय लाव. दर आठ-दहा हातांनंतर मगरीसारखे नुसते डोळे वर काढून समोर बघायचं, आणि निशाणी बोयाची (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेची) नाही धरायची. बोया लाटेआड जातो. त्यामागचा उंच माड, डोंगराचा सुळका, देवळाचा कळस, असं न हलणारं काही धर. खाऱ्या पाण्यात अंग जास्त तरंगतं, तुझा डावा पाय तलावातल्यापेक्षा वर येईल, आणि पहिल्या पाच मिनिटांत सगळं अनोळखी वाटेल. ते आदल्या दिवशी वाटू दे, म्हणून पुन्हा सांगते, आदल्या दिवशी जा.

आणि खांदे जप. तू कुबडी वापरतेस, पायऱ्यांवर कठड्याला रेटतेस, वर दोन किलोमीटर पोहतेस. तुझे खांदे दिवसभर पायाचंही काम करतात. आठवड्यात दोन दिवस त्यांना सुट्टी, आणि फिजिओथेरपिस्टकडून रबरी पट्ट्यांचे व्यायाम लिहून घे.

एक गोष्ट मात्र करू नकोस. सरावासाठी खडकवासल्यात किंवा पानशेतला उतरू नकोस. 'ओपन वॉटर' म्हटलं की पुण्यात पहिलं नाव धरणाचं निघतं, मला माहीत आहे. धरणात गाळ आहे, झाडोरा आहे, दोन पावलांवर खोली बदलते, उतरायला मनाई आहे, आणि दर उन्हाळ्यात चांगली पोहणारी पोरं तिथे जीव गमावतात. बालेवाडीसारख्या ५० मीटरच्या तलावात पोह, आणि खरं पाणी हवं तर दोन शनिवार-रविवार काढून समुद्रावरच जा, स्थानिक माणसाला आणि होडीला सोबत घेऊन. कमरेला फुगवायचा भडक केशरी तरंगा बांध. होडीवाल्याला तो लांबून दिसतो, आणि तू दमलीस तर त्यावर हात टाकून पडून राहता येतं.

कातडीकडे ये. स्टंपवर बारीकशीही जखम, फोड किंवा लाली असेल तर त्या दिवशी समुद्र नाही. हे मी सल्ला म्हणून सांगत नाहीये, हुकूम समज. पाण्यात तासभर मऊ पडलेल्या त्वचेवर लायनरमध्ये (स्टंपवर चढवायच्या मऊ आवरणात) अडकलेला वाळूचा एक कण पॉलिश पेपरचं काम करतो, आणि मग तीन आठवडे पाय घालता येत नाही. उतरण्याआधी काखेत, मानेला आणि स्टंपच्या व्रणावर व्हॅसलिन. बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, सुती पंच्याने टिपून, पूर्ण कोरडं झाल्याशिवाय लायनर चढवायचा नाही. पाच लिटरचा कॅन सोबत ने. आणि तास-दीड तास पाय काढलेला असला की स्टंप फुगतो, सकाळी बसलेलं सॉकेट तेव्हा बसत नाही. त्यामुळे कुबड्या किनाऱ्यावर हव्यातच, रुंद बुडाचे रबर लावलेल्या, नाहीतर त्या वाळूत खुंटीसारख्या रुततात. जेलीफिश चिकटला तर चोळू नकोस, गोडं पाणी ओतू नकोस. समुद्राच्याच पाण्याने धू आणि वैद्यकीय पथकाकडे जा. गार पाण्यात नसलेल्या पायाची बोटं दुखायला लागतात, अशी तक्रार बरेच जण करतात. त्या बाबतीत कोकण दयाळू आहे, डिसेंबरातही समुद्र २५ अंशांच्या वरच असतो. पुण्यातला जानेवारीतला तलाव त्याहून क्रूर.

बाहेर येणं हे आत जाण्यापेक्षा अवघड. तासभर आडवं राहून एकदम उभं राहिलं की डोकं गरगरतं, दोन पायांची माणसंही तिथे लडखडतात. पाणी गुडघाभर होईपर्यंत पोहतच राहा, मग बसून घे, पाठ किनाऱ्याकडे कर आणि हातांवर सरकत मागे ये. लाट तुला ढकलायला मदतच करेल. ती मदत तर तू घेशील ना?

आता आई. तिला तू पटवायचा प्रयत्न करतेयस, म्हणजे वाद घालतेयस. त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर ती बसली होती, तू आत बेशुद्ध होतीस. तो अपघात तिने तुझ्यापेक्षा जास्त पाहिलाय. 'देवाची परीक्षा' हा तिचा युक्तिवाद नाहीच, त्याला उत्तर देऊ नकोस. एका सकाळी तिला तलावावर घेऊन जा आणि काहीही न बोलता दोन किलोमीटर पोह. होडी कोण, डॉक्टर कुठे, दमलीस तर काय, हे कागदावर लिहून तिला दे. त्यानंतरही ती 'नको' म्हणाली, तर म्हणू दे. चौतिसाव्या वर्षी आईची परवानगी लागत नाही, आणि तिची काळजी बंद व्हावी ही अटही घालता येत नाही. ती पुण्यात देवापाशी बसेल, तू पाण्याबाहेर आल्या आल्या फोन कर. हीसुद्धा एक रीत आहे.

नवऱ्याच्या गप्प बसण्याचा अर्थ तू लावलेला नाहीस, मीही लावणार नाही. त्यालाच विचार. पण 'तुला काय वाटतं' असं विचारू नकोस, त्याला पुरुष 'काही नाही' म्हणतात. 'पाण्याच्या कडेला माझा पाय घेऊन तू उभा राहशील का, की दुसऱ्या कुणाला सांगू?' असं विचार. गप्प माणसाला काम दिलं की बोलायला जागा मिळते. नाही म्हणाला, तर तेही एक उत्तर आहे. मग ग्रुपमधली एखादी मैत्रीण नेम.

व्हिडिओवाल्याला आत्ताच सांग, स्पर्धेच्या दिवशी नाही. तुझा होकार असेल तर काय घ्यायचं तेही तू ठरव: पोहतानाचं हवं की पाय काढतानाचं, नाव येणार की नाही, मागे संगीत कोणतं. नकार असेल तर 'नको' एवढं पुरे. कारण द्यायला लागलीस की समोरचा त्या कारणावर तोडगा काढतो.

आणि न जाण्याचा पर्याय. तोही मांडते, कारण तू 'जाऊ की नको' असं सरळ विचारलंयस. नोव्हेंबरअखेर भिंतीविना अडीच किलोमीटर होत नसेल, समुद्रात एकदाही उतरणं जमलं नसेल, किंवा सॉकेट बदलण्याचं काम अर्धवट असेल, तर यंदा दोन किलोमीटर नको. त्याहून छोटं अंतर उपलब्ध असेल तर ते घे, किंवा ग्रुपबरोबर नुसती जा, सुरुवात-शेवट नीट बघून ठेव, संध्याकाळी मासे खा, पुढच्या वर्षी ये. पाण्यात उतरल्यावर काय झालं की होडीत चढायचं, हेही किनाऱ्यावरच ठरव: थंडी भरली, उलटी झाली, एका जागी दहा मिनिटं अडकलीस, काहीही. जीवरक्षकांना आधी भेटून 'मला एक पाय आहे, मी पाठीवर पडून हात वर केला तर या' असं सांगून ठेव. नाहीतर तुझं नेहमीचं वाकडं पोहणं बघून ते तुला बिचारे उगाच वाचवायला येतील.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. पाय गुडघ्याच्या वर काढलेला असेल तर कलंडणं जास्त, सरावाला वेळ दुप्पट धरा. हात नसेल तर दिशा राखणं आणखी अवघड, शेजारी कयाक (छोटी वल्हवायची होडी) असल्याशिवाय समुद्रात जाऊ नका. मधुमेहामुळे पाय गमावला असेल तर उरलेल्या पायाच्या तळव्याला शंख-शिंपल्याने झालेली जखम कळणारही नाही, म्हणून पाण्याचे बूट घाला आणि डॉक्टरांशी साखरेबद्दल बोलल्याशिवाय अंतर वाढवू नका. आणि 'इतर सभासदांना बरं वाटणार नाही' असं सांगून एखाद्या तलावावर प्रवेश नाकारला, तर ते लेखी मागा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळ आणि करमणुकीचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. लेखी मागितलं की बहुतेकांना अचानक जागा सापडते.

तर तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर: जा. पण फॉर्म नंतर. या रविवारी स्टूल घेऊन माळ्यावर चढ, म्हणजे नवऱ्याला चढव, आणि तो जुना पाय खाली काढ. कुणी भंगारात दिला नसेल अशी आशा आहे. सॉकेट किती ढिलं झालंय ते मला कळव.